इंग्रजी लिहिताना मराठी विद्यार्थी कुठे अडखळतात? व्याकरण, विरामचिन्हे आणि शैलीची उजळणी

मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजीत निबंध, अर्ज किंवा प्रकल्प-अहवाल लिहितो तेव्हा त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा चुकतो. कुठे 'द' सुटतो, कुठे 'सिन्स' आणि 'फॉर' यांची अदलाबदल होते, कुठे दोन पूर्ण वाक्ये स्वल्पविरामाने जोडली जातात. या चुका निष्काळजीपणामुळे होतात असे समजले जाते. प्रत्यक्षात यांपैकी बऱ्याच चुकांमागे मराठीचे स्वतःचे, अगदी बरोबर असलेले नियम असतात. विद्यार्थी मराठीचा नियम इंग्रजीला लावतो आणि फसतो. कोणता नियम कुठे आड येतो हे कळले की उजळणी सोपी होते.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेपुरता नाही. दहावीला तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो. पुण्यातल्या पेठांमध्ये राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी तर तो आणखी टोकदार आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर असतो. त्याचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, पण त्यात २५ टक्के गुण मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांतील गुणही विचारात घेतले जात नाहीत.

पुणे आणि इंग्रजी व्याकरणाचा जुना संबंध

मराठी आणि इंग्रजी लेखनाची देवाणघेवाण पुण्यात दोनशे वर्षे चालू आहे. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तीच संस्था पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आली. या पाठशाळेचे अधीक्षक राहिलेले मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) हे मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातले सहकारी. मराठी लेखनात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय कँडी यांना दिले जाते. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० मध्ये निघाले. त्यापूर्वी मोडीतल्या पत्रव्यवहारात शब्द सलग लिहिले जात आणि विरामचिन्हे नसत. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही आज मराठीची वाटणारी चिन्हे इंग्रजीकडून आलेली आहेत.

व्याकरणाचेही तसेच. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. म्हणूनच शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जाती दोन्ही भाषांत जवळजवळ एकास एक जुळतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी हे ज्याला मराठीत ओळखता येते, त्याला इंग्रजी व्याकरणाची निम्मी परिभाषा आधीच येत असते.

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हणणारे वचन चिपळूणकरांच्या नावाने सांगितले जाते. अनेक पिढ्यांनी तर्खडकर भाषांतर पाठमालेवरून वाक्ये उलटसुलट करत इंग्रजी गिरवले. त्यानंतर घरोघरी पोचले ते 'रेन अँड मार्टिन'. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि 'बो जेस्ट' या साहसी कादंबरीचे लेखकही तेच. त्यांचे व्याकरण १९३०च्या दशकातले आहे आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत सुधारित आवृत्त्यांच्या रूपात आजही मागितले जाते. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. विषयाची वर्षे वाढली, तरी मराठीच्या वळणाने होणाऱ्या चुका मात्र तशाच राहिल्या.

उपपद: मराठीत नसलेली गोष्ट

इंग्रजीत नामापूर्वी 'अ', 'ॲन' किंवा 'द' ही उपपदे, म्हणजेच आर्टिकल्स येतात. मराठीत उपपद नाही. 'मुलगा आला' या वाक्यातला मुलगा ओळखीचा की अनोळखी, हे मराठीत संदर्भावरून कळते. इंग्रजीत ते सांगावेच लागते. 'अ बॉय केम' म्हणजे कोणीतरी एक मुलगा आला, 'द बॉय केम' म्हणजे ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो आला. मराठीत प्रश्न विचारून हे ठरवता येते. नामाआधी 'कोणीतरी एक' बसत असेल तर 'अ' किंवा 'ॲन', आणि 'तो', 'ती', 'ते' बसत असेल तर बहुधा 'द'.

'अ' की 'ॲन' हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरते. पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार स्वराचा असेल तर 'ॲन'. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', कारण उच्चार 'यु'ने सुरू होतो. पण 'ॲन अवर', कारण त्यातला 'एच' मूक आहे. 'अ मास्टर्स स्टुडंट' पण 'ॲन एमए स्टुडंट'. देवनागरीत उच्चार लिहून पाहिला की हे लगेच उलगडते. इथे मराठी विद्यार्थ्याची लिपी त्याच्या मदतीला येते.

नद्यांच्या नावांआधी 'द' येतो, शहरांच्या नावांआधी येत नाही. त्यामुळे 'द मुठा' बरोबर, 'द पुणे' चूक. विद्यापीठांच्या नावांत रचनेनुसार फरक पडतो. 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' असे लिहितात, पण 'सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी' या नावाआधी 'द' लागत नाही.

काळ: 'पासून' एक, इंग्रजीत शब्द दोन

'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो' आणि 'मी २०२३ पासून पुण्यात राहतो' या दोन्ही वाक्यांत मराठी 'पासून'च वापरते. इंग्रजीत कालावधी सांगायचा तर 'फॉर' आणि सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स'. शिवाय मराठीत क्रियापद साध्या वर्तमानकाळात चालते, इंग्रजीत चालत नाही.

चूक: आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स.
बरोबर: आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स.

दुसरी जागा पूर्ण वर्तमानकाळाची. 'मी त्याला कालच सांगितले आहे' हे चांगले मराठी आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी, 'आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे', मात्र चूक. वाक्यात 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'इन २०१९' असा संपलेला काळ आला की इंग्रजीत साधा भूतकाळच हवा: 'आय टोल्ड हिम यस्टरडे'.

तिसरी जागा 'हॅविंग'ची. असणे, माहीत असणे, आवडणे, समजणे अशा स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना इंग्रजीत सहसा 'इंग' लागत नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' नव्हे, तर 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'हॅविंग लंच' मात्र चालते, कारण तिथे 'हॅव'चा अर्थ असणे नसून जेवणे आहे.

कर्ता आणि क्रियापद

मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात अनेकदा कर्माप्रमाणे बदलते: 'त्याने पोळी खाल्ली', 'त्याने आंबे खाल्ले'. इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्याकडेच पाहते. म्हणून आंबे कितीही असले तरी 'ही हॅज ईटन'. तिथे 'हॅव' येत नाही.

कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये दुसरे नाम आले की गोंधळ वाढतो. 'द लिस्ट ऑफ बुक्स आर ऑन द टेबल' यात 'बुक्स' जवळ आहे म्हणून 'आर' लिहिले जाते. पण टेबलावर आहे ती यादी, आणि यादी एकच आहे. म्हणून 'इज' हवे. 'ऑफ'पासून सुरू होणारा तुकडा बोटाने झाकून वाक्य वाचले की चूक दिसते.

'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूकही सर्रास होते. इथे मराठी वाक्य आठवावे: 'माझ्या मित्रांपैकी एक'. मराठीत 'मित्रांपैकी' हे अनेकवचनच आहे, म्हणून इंग्रजीतही 'फ्रेंड्स'. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' आणि 'इक्विपमेंट' या शब्दांना मात्र प्रमाण इंग्रजीत अनेकवचनाचा 'एस' लागत नाही.

जोड्यांचे सापळे

'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो' यात मराठीला 'जरी' आणि 'तरी' दोन्ही लागतात. इंग्रजीला एकच पुरतो. 'ऑल्दो' लिहिले तर पुढे 'बट' नको. 'बिकॉज' लिहिले तर पुढच्या वाक्यात 'सो' नको.

शब्दयोगी अव्ययांतही मराठीचा ठसा उमटतो. काही नेहमीची उदाहरणे:

• 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' लिहिले जाते. हवे 'मॅरीड टू'.
• 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवे 'अँग्री विथ मी'.
• 'त्याला विचारले' म्हणून 'आस्क्ड टू हिम'; हवे नुसते 'आस्क्ड हिम'.
• 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड ऑन' किंवा 'डिस्कस्ड अबाउट'. हवे नुसते 'डिस्कस्ड'.
• 'खोलीत शिरला' म्हणून 'एन्टर्ड इन द रूम'. हवे 'एन्टर्ड द रूम'.

यांना एकच नियम नाही. क्रियापद पाठ करताना त्याच्यामागचे अव्यय धरूनच पाठ करणे हाच उपाय.

'तो म्हणाला की मी येतो'

सर्वात जास्त अर्थ बिघडतो तो इथे. 'राम म्हणाला की मी उद्या येतो' या मराठी वाक्यातला 'मी' म्हणजे राम. मराठी 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवू शकते. इंग्रजीत 'राम सेड दॅट आय वुड कम' असे लिहिले तर येणारा राम नसून लिहिणाराच ठरतो. अहवालात किंवा जबाबात अशी एक चूक माणूसच बदलून टाकते. बरोबर वाक्य: 'राम सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे'. सर्वनाम, काळ आणि 'उद्या' हे तिन्ही बदलतात.

प्रश्न वाक्याच्या पोटात येतो तेव्हाही हीच काळजी घ्यावी. 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही' याचे 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' असे होत नाही. पोटातल्या प्रश्नात शब्दक्रम साध्या वाक्याचा राहतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज'. आणि शेवटी प्रश्नचिन्ह नको, कारण पूर्ण वाक्य प्रश्न विचारत नाही.

विरामचिन्हे: कुठे काय बदलते

मराठीने विरामचिन्हे इंग्रजीकडून घेतली, पण त्यांच्या वापरात मराठीची सवय अधिक सैल आहे. 'पाऊस आला, आम्ही थांबलो' हे मराठीत खपून जाते. प्रमाण इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे ही चूक समजतात. त्याचे तीन उपाय आहेत: मध्ये पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा किंवा स्वल्पविरामानंतर 'अँड', 'बट', 'सो' यांपैकी योग्य शब्द घालावा.

'की'च्या सवयीने 'दॅट'च्या आधी किंवा नंतर स्वल्पविराम टाकला जातो. 'ही सेड दॅट' या रचनेत दोन्हीकडे तो नको.

अर्थ बदलणारा स्वल्पविराम विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'माय ब्रदर हू लिव्ज इन कोथरूड इज अ डॉक्टर' या वाक्यात स्वल्पविराम नाही. अर्थ असा की भाऊ एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांतला कोथरूडचा भाऊ डॉक्टर आहे. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन कोथरूड, इज अ डॉक्टर' असे लिहिले की भाऊ एकच, आणि कोथरूडची माहिती जाता जाता दिलेली. मराठीत पहिला अर्थ 'जो भाऊ कोथरूडला राहतो तो' असा सांगता येतो. मनात 'जो… तो' येत असेल तर इंग्रजीत स्वल्पविराम देऊ नये.

यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम द्यावा का, यावर इंग्रजीत दोन पद्धती आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका दुग्धव्यवसाय कंपनीच्या चालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा केला. कायद्यातल्या एका यादीत हा स्वल्पविराम नसल्याने अर्थ संदिग्ध झाला होता. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटले. विद्यार्थ्याने कोणतीही एक पद्धत निवडावी आणि संपूर्ण लेखनात ती पाळावी. मात्र संदिग्धता येत असेल तिथे स्वल्पविराम द्यावाच.

अपोस्ट्रॉफी हे चिन्ह मराठीत जवळजवळ नाहीच, म्हणून ते एकतर गळते किंवा नको तिथे पडते. त्याची कामे मुख्यतः दोन: मालकी दाखवणे आणि गाळलेल्या अक्षराची जागा दाखवणे. एका विद्यार्थ्याची वही असेल तर चिन्ह 'एस'च्या आधी, अनेक विद्यार्थ्यांच्या वह्या असतील तर 'एस'च्या नंतर. साध्या अनेकवचनाला हे चिन्ह लागत नाही. दुकानांच्या पाट्यांवर ते दिसते म्हणून ते बरोबर ठरत नाही. 'इट्स' या शब्दाची कसोटी सोपी आहे. त्याजागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून पाहावे. अर्थ लागला तर अपोस्ट्रॉफी द्यावी. 'त्याचे' किंवा 'तिचे' असा अर्थ असेल तर देऊ नये.

मोठी अक्षरे हाही देवनागरीत नसलेला भाग आहे. वाक्याचा आरंभ, विशेषनामे, वारांची आणि महिन्यांची नावे, भाषांची नावे आणि 'मी' या अर्थाचा 'आय' हे नेहमी मोठ्या अक्षराने सुरू होतात. ऋतूंची नावे सहसा लहान अक्षराने लिहितात. महत्त्वाचा वाटतो म्हणून कोणताही शब्द मोठ्या अक्षराने सुरू करण्याची सवय टाळावी.

शैली: साधे लिहिणे म्हणजे कच्चे लिहिणे नव्हे

'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' अशी सुरुवात असलेले अर्ज अजूनही लिहिले जातात. हे ब्रिटिश काळातल्या कचेरीचे इंग्रजी आहे. आज अर्जाच्या पहिल्या वाक्यातच काम सांगितलेले चांगले: कशासाठी अर्ज, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कारणाने. बिहारमधल्या मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ मध्ये इंग्रजी भाषा आणि राजकारण या विषयावर लिहिलेल्या निबंधातही हाच आग्रह आहे: छोटा शब्द पुरत असेल तर मोठा वापरू नये, आणि जो शब्द काढता येतो तो काढावा.

मराठीच्या काही सुंदर सवयी इंग्रजीत ओझे होतात. 'हळूहळू' याचे 'स्लोली स्लोली' होते. एकदा 'स्लोली' किंवा 'ग्रॅज्युअली' पुरते. 'उद्याच'मधला 'च' हा 'टुमॉरो ओन्ली' असा उतरतो, पण इंग्रजीत त्याचा अर्थ 'फक्त उद्या, इतर कधी नाही' असा लागू शकतो. 'रिटर्न बॅक' आणि 'रिपीट अगेन' यांत एक शब्द जास्त आहे.

मग 'भारतीय' इंग्रजी सगळेच चूक का? तसे नाही. 'प्रीपोन' हा भारतात वापरला जाणारा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही नोंदलेला आहे. 'डू द नीडफुल' व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे, पण त्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: हे व्याकरणात बसते का, आणि वाचणाऱ्याला ते नेमके समजते का. स्पेलिंगबाबतही ब्रिटिश किंवा अमेरिकन यांपैकी एक पद्धत निवडून ती शेवटपर्यंत ठेवावी. भारतातल्या शाळा व परीक्षांत ब्रिटिश पद्धत अधिक रूढ आहे.

तपासणी कशी करावी: पाच फेऱ्या

एकाच वाचनात सगळ्या चुका पकडायला गेले की बऱ्याच सुटतात. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट शोधावी.

१. क्रियापदे: प्रत्येक वाक्यातले क्रियापद अधोरेखित करावे, त्याचा कर्ता शोधावा, दोघे जुळतात का आणि काळ बरोबर आहे का ते पाहावे.
२. नामे: प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामाआधी उपपद किंवा 'माय', 'दिस' असा शब्द आहे का ते पाहावे.
३. जोड: 'ऑल्दो', 'बिकॉज', 'दॅट' यांच्या आसपासचे शब्द आणि स्वल्पविराम तपासावेत.
४. चिन्हे: वाक्य शेवटापासून सुरुवातीकडे, एकेक करून वाचावे. अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही आणि चिन्हे दिसतात.
५. मोठ्याने वाचन: जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडावे.

यासोबत चुकांची वही ठेवावी. एका बाजूला स्वतःचे चुकलेले वाक्य, दुसऱ्या बाजूला बरोबर वाक्य आणि खाली ज्या मराठी वाक्यातून ती चूक आली ते वाक्य. शंभर तयार वाक्ये सोडवण्यापेक्षा स्वतःची वीस वाक्ये अशी उलगडणे जास्त उपयोगी पडते, कारण त्यात आपलीच सवय दिसते.

मोबाइल आणि संगणकावरची व्याकरण तपासणारी साधने स्पेलिंग, सुटलेली उपपदे, कर्ता-क्रियापदाचा मेळ चांगले पकडतात. पण लिहिणाऱ्याला भाऊ एक की दोन, किंवा उद्या येणार तो राम की लिहिणारा, हे साधनाला माहीत नसते. अशा वाक्यांत ते चुकीच्या अर्थाचे वाक्यही बिनचूक म्हणून पुढे जाऊ देते. परीक्षेच्या दालनात तर ते सोबत नसतेच. त्यामुळे सुचवलेली दुरुस्ती स्वीकारण्यापूर्वी ती का सुचवली, हे एका ओळीत स्वतःला सांगता आले पाहिजे. तसे सांगता आले तर पुढच्या वेळी तीच चूक लिहितानाच हात थांबतो.